पेन्शन यायच्या आधीची वही: फौजी माणसाने सिव्हिलची तयारी कशी करायची

हे मी जवान, नायक, हवालदार आणि जेसीओ (नायब सुभेदार, सुभेदार) साहेब लोकांसाठी लिहितोय. ऑफिसर लोकांचं गणित वेगळं असतं, त्यांच्यासाठी पार आयआयएमपर्यंत कोर्स आहेत आणि बोलावणारेही भेटतात. आपला माणूस बहुतेकदा पस्तिशी ते पंचेचाळिशीच्या मधे कधीतरी पेन्शन येतो (म्हणजे रिटायर होऊन घरी येतो), पोरं अजून शाळेत असतात, घराचा वरचा मजला अर्धवट असतो, आणि गावात उतरल्यावर पहिल्याच आठवड्यात कोणीतरी येऊन सांगतो की मेजर, पुण्यात सिक्युरिटीला माणूस पाहिजे, येताय का. (आमच्या सातारा-सांगलीकडे शिपाई रिटायर झाला तरी मेजरच, खरा मेजर गावात आला तर त्याला काय म्हणायचं हा प्रश्न अजून सुटलेला नाही.) आणि मेजर जातात. बारा तासांची ड्यूटी, पत्र्याची केबिन, एक रजिस्टर.

गार्डची नोकरी वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही, आमच्यातले कितीतरी जण ती इमानदारीत करतात आणि घर चालवतात. पण ती निवडून करा, दुसरं काही सुचलं नाही म्हणून नको. आणि दुसरं का सुचत नाही माहितीये का, कारण सतरा-अठरा वर्षांत आपल्याला एकदाही कोणी विचारलेलं नसतं की बाबा तुला काय काय येतं. पोस्टिंग आली, मूव्ह ऑर्डर हातात, बिस्तरा बांधला, निघालो. काम काय करायचं ते तिथे गेल्यावर कळायचं. त्यामुळे सिव्हिलमधला माणूस जेव्हा विचारतो की तुमचा एक्सपीरियन्स काय, तेव्हा आपण म्हणतो "आर्मीत होतो" आणि गप्प बसतो.

म्हणून पहिलं काम हे. जायच्या दोन वर्षं आधी एक दोनशे पानी वही घ्या.

प्रत्येक पोस्टिंगला दोन पानं. वर साल आणि काम कसलं होतं ते. खाली लिहायचं की रोज काय करायचो, माझ्या ताब्यात काय होतं, हाताखाली किती माणसं होती, आणि काय बिघडलं होतं नि ते कसं सावरलं. शेवटचं जरा जास्त लिहा, इंटरव्ह्यूला तेच विचारतात. एक मात्र पाळायचं, फील्डमधलं लोकेशन, फौजेची संख्या, हत्यारांचे नि वायरलेस सेटचे डिटेल वहीत पण नको आणि बायोडाटात तर मुळीच नको. रिटायर झालो म्हणून ते बंधन सुटत नाही.

गावाकडची पोरं माझ्याकडे बायोडाटा करायला येतात. मागे एक स्टोअरवाला हवालदार आला होता. म्हटलं काय करत होतात, तर म्हणे काय नाय, स्टोअर बघायचो. मग चहा मागवला आणि खोदून खोदून विचारलं. लेजर कोण लिहायचं? मीच. स्टॉक टेकिंग? दर तिमाहीला, बोर्ड बसायचा. कधी फरक निघाला? एकदा ताडपत्र्या कमी निघाल्या, दुसऱ्या कंपनीला लोनवर दिलेल्या, जुनं व्हाउचर शोधून काढलं. लडाखला होता का? होतो. मग विंटर स्टॉकिंग? आणि इथे गडी खुलला. बर्फ पडून झोजिला घाट बंद व्हायच्या आत पूर्ण हिवाळ्याचं रेशन, केरोसीन, कपडे वर पोचवून ठेवायचे, कुठला माल आधी चढवायचा, कुठला गोठून फुटतो, ट्रक उशिरा आले तर कशाला थांबवायचं, पोर्टरचा हिशोब, खेचरांचा हिशोब. अर्धा तास बोलत होता. हे सगळं "स्टोअर बघायचो" या दोन शब्दांत घालून बसला होता!

त्याच्या बायोडाटात शेवटी असं गेलं: "दुर्गम भागात सहा महिने रस्ता बंद असताना लागणाऱ्या मालाचं आगाऊ नियोजन, साठवण आणि वाटप. लेजर, व्हाउचर, तिमाही स्टॉक तपासणी. हाताखाली ८ माणसं." खोटं एक अक्षर नाही. चाकणला, तळेगावला, भिवंडीला गोडाऊनच्या रांगा आहेत आणि तिथे नेमका हाच माणूस पाहिजे असतो, फक्त त्याला एक्सेल येत नव्हतं. ते तालुक्याच्या क्लासला जाऊन शिकला. एक्सेल आणि इंग्रजीत साधा ईमेल लिहिणं, या दोन गोष्टी नोकरीत असतानाच शिकून घ्या, मोबाईलवर रील बघण्यातला निम्मा वेळ पुरतो.

असंच बाकी ट्रेडचं. सिग्नलवाला फायबर, टॉवर, सीसीटीव्ही, नेटवर्कच्या कामाला जातो (मी त्यातलाच, आता वेअरहाउसला आहे पण सुरुवात केबलनेच केली). डोझर चालवलेला, बॉम्बे सॅपर्सचा (फौजेतल्या इंजिनिअर पलटणीचा) मशीन ऑपरेटर असेल तर त्याला रस्त्याच्या कंत्राटदारांकडे मागणी असते. एएससीच्या (फौजेच्या रसद-वाहतूक विभागाच्या) ड्रायव्हरने हेवी लायसन्सचं सिव्हिल रेकॉर्ड आरटीओत आधीच करून घ्यावं. क्लार्क असाल तर तुम्ही ऑफिस चालवलंय, पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या रेकॉर्डमधल्या नोंदींचा युनिटचा हुकूम) काढणाऱ्या माणसाला एचआरमधलं हजेरी-रजेचं काम अगदी सोपं आहे. इन्फंट्रीवाला म्हणतो माझ्याकडे ट्रेडच नाही. असं कसं, सेक्शन कमांडर म्हणून दहा माणसं सांभाळलीत, रंगरूटांना शिकवलंय, कोतचा (हत्यारं ठेवायच्या खोलीचा) हिशोब ठेवलाय, ते लिहा की.

एक सावध करतो. पेन्शन आलेल्यांना गाठून "फायर अँड सेफ्टी" चे सहा महिन्यांचे डिप्लोमे विकणारे खूप आहेत, म्हणतात सेफ्टी ऑफिसर व्हाल. महाराष्ट्रात कारखान्यात सेफ्टी ऑफिसर व्हायला एमएसबीटीईच्या (राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाच्या) अ‍ॅडव्हान्स डिप्लोमासारखा मान्यताप्राप्त कागद लागतो आणि त्याला मुळात इंजिनिअरिंग डिप्लोमा किंवा सायन्सची डिग्री नि अनुभव लागतो. तेव्हा फी भरण्याआधी ज्या कंपनीत जायचंय तिथल्याच माणसाला विचारा की हा कागद तुमच्याकडे चालतो का. त्यापेक्षा आपल्या डीजीआरचे (संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन संचालनालयाचे) रिसेटलमेंट कोर्स बघा, जेसीओ आणि ओआरला (जवान ते हवालदार) फी नसते आणि ते रिटायरमेंटच्या आधीच, सर्व्हिसमधे असताना करता येतात. लोक काय करतात, घराजवळचं सेंटर आहे म्हणून कोर्स घेतात, म्हणजे घरी राहायला मिळतं. समजू शकतो, पण चोवीस आठवड्यांचा कोर्स फक्त घरच्या भाकरीसाठी वाया घालवू नका.

आता कागद. हा भाग कंटाळवाणा आहे पण इथेच सगळे अडकतात.

तुमच्या शीट रोलवर (सर्व्हिसच्या मूळ रेकॉर्डवर) बायकोचं नाव काय आहे ते आज बघा. बऱ्याच जणांच्या रेकॉर्डला माहेरचं नाव असतं, आधारला सासरचं, बँकेत तिसरंच. मुलांची जन्मतारीख शाळेत मास्तरांनी १ जून टाकलेली असते आणि जन्मदाखल्यावर दिवाळीतली. सर्व्हिसमधे असताना हे दुरुस्त करणं म्हणजे क्लार्ककडे चार चकरा आणि एक पार्ट टू ऑर्डर. पेन्शन आल्यावर तेच काम म्हणजे अ‍ॅफिडेव्हिट, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, रेकॉर्ड ऑफिसला टपाल आणि वाट बघणं. रेकॉर्ड ऑफिस मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, आर्टिलरीचं नाशिक रोडला, बीईजीचं (म्हणजे बॉम्बे सॅपर्सचं) खडकीला, ही तरी जवळ आहेत, महारवाल्याला सागर आणि सिग्नलवाल्याला जबलपूर गाठायचंय. आणि तुमच्या माघारी फॅमिली पेन्शनसाठी याच चकरा तुमची मंडळी एकटी मारणार आहे हे डोक्यात ठेवा.

डिस्चार्ज बुक आणि पीपीओ (पेन्शनचा हुकूम) यांच्या झेरॉक्स काढा, स्कॅन करून फोनमधे आणि ईमेलवर ठेवा. पेन्शन आता स्पर्श या ऑनलाइन पोर्टलवर असते, तिथे मोबाईल नंबर चालू असलेला द्या, सुट्टीवर आल्यावर वापरायचं ते जुनं सिम नको, ओटीपी त्यावर जातो. वर्षातून एकदा द्यायचा हयातीचा दाखला विसरला की पेन्शन थांबते. पेन्शनचं खातं बायकोबरोबर जॉइंट ठेवा. गावी आल्यावर पहिल्या महिन्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवून माजी सैनिकाचं ओळखपत्र काढा, ते नसेल तर पुढची निम्मी दारं बंद. ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या दवाखान्याच्या योजनेचं) कार्ड, कँटीनचं कार्ड हे तर कोणाला सांगायला लागत नाही, कँटीनच्या कार्डासाठी माणूस तापात पण उठून जातो. पण पंतप्रधान शिष्यवृत्ती किती जणांना माहिती असते? मुलगा-मुलगी बारावी किंवा डिप्लोमाला ६० टक्क्यांच्या वर असेल आणि इंजिनिअरिंग, मेडिकल, असल्या प्रोफेशनल कोर्सच्या पहिल्या वर्षाला असेल तर केंद्रीय सैनिक बोर्डाकडे अर्ज करता येतो, मुलांना महिना २,५०० आणि मुलींना ३,०००. घरपट्टी माफीचा अर्ज ग्रामपंचायतीत द्या, ग्रामसेवक स्वतःहून सांगणार नाही.

आणि रिलीज मेडिकल बोर्ड, म्हणजे फौज सोडतानाची डॉक्टरी तपासणी. इथे आपली मर्दानगी आडवी येते. तोफखान्यातला माणूस, एका कानाने ऐकू येत नाही, गुडघा चढाला दुखतो, आणि डॉक्टरपुढे उभा राहून "सब ठीक है साब". का? सर्व्हिसमुळे झालेलं असेल तर ते कागदावर यायला पाहिजे, डिसॅबिलिटी पेन्शनचा सगळा पाया त्या बोर्डाच्या कागदावर असतो. नंतर कोर्टकचेऱ्या करत बसण्यापेक्षा त्या दिवशी तोंड उघडा.

पैशाचं थोडक्यात सांगतो. एकदम हातात येतं ते ग्रॅच्युइटी, एएफपीपी फंड (फौजेचा पीएफ), एजीआय (फौजेचा ग्रुप विमा), रजेचे पैसे आणि विकलेली पेन्शन (पेन्शनचा काही भाग सोडून त्याबदली घेतलेली एकरकमी रक्कम). पेन्शन निम्म्यापर्यंत विकता येते आणि १५ वर्षांनी परत पूर्ण सुरू होते. समजा बेसिक पेन्शन २०,००० आहे, निम्मी विकली तर दरमहा १०,००० कापणार आणि त्या वयाला साधारण ९ वर्षांच्या हिशोबाने दहा लाख ऐंशी हजारांच्या आसपास हातात येणार. महागाई भत्ता मात्र पूर्ण २०,००० वरच मिळत राहतो हे बऱ्याच जणांना माहिती नसतं. घराचं कर्ज डोक्यावर असेल तर विकणं बरं पडतं, माझं मत, पण "बघू काहीतरी करू" म्हणून विकू नका कारण ते काहीतरी म्हणजे बुलेट आणि भावकीला उसने. पैसे आलेत हे तुमच्या आधी गावाला कळतं. पतसंस्थेवाला येतो, जादा व्याज म्हणतो, दुसरा येतो, प्लॉट आहे, एनए होणारच आहे. होणार आहे ना, मग झाल्यावर या म्हणायचं. सातबारा स्वतः ऑनलाइन काढून बघायचा. पहिले सहा महिने पैसे बँकेत एफडीला राहू द्या, कोणी कितीही जवळचा असो. सुभेदार साहेब लोक पन्नाशीचे झाले असतील तर सीनियर सिटिझन स्कीम पोस्टात साठीची वाट न बघता काढता येते, फौजेतून रिटायर झालेल्यांना ती ५० पासूनच आहे.

सरकारी नोकरी पाहिजे असेल तर गणित असं. महाराष्ट्र शासनाच्या गट क आणि गट ड भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. केंद्रात गट क ला १० आणि गट ड ला २० टक्के. सरकारी बँकांत क्लार्कच्या जागांना साडेचौदा टक्के. वयाची भीती नको, केंद्राच्या भरतीत आत्ताच्या वयातून झालेली सर्व्हिस वजा करायची, वर ३ वर्षं अजून. म्हणजे ३९ वर्षांचा माणूस, १७ वर्षं सर्व्हिस, तो फॉर्मच्या हिशोबाने १९ वर्षांचा पोरगा झाला. डिग्री नसेल तरी दहावी पास, आर्मीचं शिक्षणाचं सर्टिफिकेट आणि १५ वर्षं सर्व्हिस असेल तर केंद्राच्या गट क ला ते ग्रॅज्युएशनच्या बरोबरीचं धरतात, बँकेच्या क्लार्कला पण. तरी मी म्हणेन की मुक्त विद्यापीठातून डिग्री करूनच घ्या, राज्याच्या जाहिरातीत प्रत्येक वेळी वेगळी भानगड असते आणि फॉर्म भरताना त्या सर्टिफिकेटवर वाद घालायला वेळ नसतो.

दोन गोष्टी ज्या लोकांना उशिरा कळतात. एक, सर्व्हिसचं शेवटचं वर्ष चालू असेल तेव्हाच केंद्राचे फॉर्म भरता येतात, युनिटकडून एनओसी घेऊन. म्हणजे डिस्चार्जच्या आधीच परीक्षा देऊन मोकळे होता येतं. दुसरं, माजी सैनिकाचं आरक्षण एकदा सरकारी नोकरीला लागलात की संपतं. पण जॉइन व्हायच्या आधी जितके फॉर्म भरलेत त्यांची तारखेनिशी यादी जॉइन होतानाच तिथे लिहून दिली तर केंद्रात त्यातल्या पुढच्या नोकरीसाठी फायदा टिकतो. तेव्हा पहिली ऑर्डर आली की हुरळून जाऊ नका, आधी ती यादी द्या, पोचपावती घ्या.

अभ्यास मात्र करावा लागतो हो. कट ऑफ कमी असतो म्हणून माजी सैनिकांच्या जागा भरतात असं नाही, रिकाम्या पण राहतात. गणित आणि बुद्धिमत्ता, सकाळी पीटीच्या वेळेत उठायची सवय आहेच, ते दोन तास द्या. मराठी व्याकरणाकडे दुर्लक्ष करू नका, वर्षानुवर्षं "हाँ जी, ना जी" करून आपली मराठी अर्धी हिंदी झालेली असते.

सिक्युरिटीलाच जायचं ठरवलंत तर निदान दार निवडून जा. पुण्याचं मेस्को, म्हणजे माजी सैनिकांचं महामंडळ आहे, डीजीआरच्या यादीवरच्या एजन्सी आहेत, तिथे पगार ठरलेल्या दराने मिळायची शक्यता जास्त. कुठल्याही एजन्सीला तीन गोष्टी विचारा, आठ तास की बारा, पीएफ कापून भरता का, आणि पगार कुठल्या तारखेला. तिन्हीला "बघून घेऊ साहेब" उत्तर आलं तर नमस्कार करून निघा.

भरती अकॅडमी काढायचं पण अनेकांच्या डोक्यात असतं. सातारा, सांगली, कोल्हापूर पट्ट्यात दर दोन गावांमागे एक बोर्ड दिसतो. अपशिंगे किंवा सैनिक टाकळीसारख्या गावात तर पोरं आपसूकच येतात. चालते, पण ग्राउंडच्या जोरावर नाही. पोलीस भरतीला ग्राउंड ५० मार्कांचं, १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळा, ते आपण झोपेत करून घेऊ. पोरं अडकतात लेखीच्या १०० मार्कांत. गणिताचा चांगला मास्तर पगार देऊन ठेवणार असाल तर अकॅडमी काढा, नाहीतर नुसत्या शिट्टीवर दोन वर्षांत बंद पडते.

अग्निवीर पोरांसाठी चार ओळी. २०२२ पासूनची भरती चार वर्षांची, २५ टक्क्यांपर्यंत पुढे राहणार, बाकीचे साधारण ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधी घेऊन परत, पेन्शन नाही. म्हणजे वर लिहिलेलं पेन्शनचं काही तुम्हाला लागू नाही पण वहीचं सगळ्यात जास्त तुम्हालाच लागू आहे, शिवाय वय पंचविशीच्या आसपासच आहे तेव्हा त्या पैशातून आधी शिक्षण, मग गाडी.

इंटरव्ह्यूला जाताना. सावधान उभं राहून "यस सर" करू नका, आत जा, नमस्कार करा, बसा म्हटलं की बसा. समोर बहुतेक सत्तावीस वर्षांची एचआरची पोरगी असेल, तिला रँक कळत नाही, हवालदार म्हटलं की तिच्या डोळ्यापुढे चौकातला पोलीस येतो. "बारा जणांच्या टीमचा लीडर होतो" सांगा. तुमच्या तोंडातले शॉर्ट फॉर्म काढून टाका, क्यूएम, सीएचएम, ओपी, हे तिकडे कोणाला कळत नाही. देशासाठी काय केलं यावर भाषण नको, ते त्यांना माहिती असतं किंवा नसतं, दोन्हीकडे उपयोग नाही. त्याऐवजी वहीतला एक प्रसंग, काय बिघडलं आणि कसं सावरलं, दोन मिनिटांत. घरी बायकोपुढे बोलून बघा, ती कंटाळली की लांबलं समजायचं. पगार विचारला की "जो देंगे साहब" म्हणू नका. पेन्शन आहे म्हणजे कमी पगारात चालेल असं ते धरून चालतात, त्यांना स्पष्ट सांगा की पेन्शन ही झालेल्या कामाची आहे, या कामाचा पगार वेगळा. आधी त्या भागातला चालू दर चार लोकांना विचारून जा आणि आकडा सांगा.

जॉइन झाल्यावर सगळ्यात अवघड जातं ते हे की मीटिंग दहाची असते आणि लोक साडेदहाला येतात, काम सांगितलं की हो म्हणतात आणि करत नाहीत, आणि तुमचा साहेब तुमच्या पोरापेक्षा थोडाच मोठा. ओरडून चालत नाही. आमच्या गोडाऊनला एक रिटायर सुभेदार साहेब आले होते, माणूस सोन्यासारखा, पण पहिल्याच दिवशी लोडर लोकांना फॉलिन केलं (रांगेत उभं केलं) आणि दुसऱ्या दिवशी निम्मे आलेच नाहीत. नंतर त्यांनी पद्धत बदलली, सकाळी पाच मिनिटं उभ्या उभ्या चहा आणि आजच्या गाड्या कुठल्या एवढंच बोलणं, तीच पोरं आता त्यांच्याशिवाय शिफ्ट लावू देत नाहीत. घरी पण तसंच आहे, इतकी वर्षं शाळा, दवाखाना, सोसायटीचा हप्ता, सासू-सासरे सगळं तिने एकटीने चालवलंय, तुम्ही येऊन लगेच चार्ज घेऊ नका, आधी तिच्याकडून हँडिंग-टेकिंग नीट करून घ्या.

पहिली नोकरी वर्षभर तरी टिकवा, मग हलायचं तर हला, दुसरी ऑफर हातात आल्याशिवाय राजीनामा द्यायचा नाही आणि सोडताना एक्सपीरियन्स लेटर घेतल्याशिवाय गेटबाहेर पडायचं नाही. आणि पीएफच्या यूएएनची केवायसी पहिल्या महिन्यातच करून टाका, सोडून गेल्यावर एचआर फोन उचलत नाही.